आधी ताप मोजा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी राजूरचा. जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर टेकडीवरचं गणपतीचं देऊळ दिसतं. ते आमचं गाव. अंगारकीला इथं पाय ठेवायला जागा नसते, एरवी गाव आपल्या गतीनं चाललेलं असतं. मी कविता लिहितो. बी. ए. झालो, तेही मराठी घेऊन. यंत्राशी माझा संबंध म्हणजे रेडिओचा कान पिळणं आणि मिक्सर बंद पडला की त्याच्या बुडाखालचं लाल बटण दाबणं, एवढाच. असा माणूस आज तुमच्याशी कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाविषयी बोलणार आहे, हे ऐकून माझा मुलगा आधी हसला आणि मग म्हणाला, "अब्बा, पेटीची गोष्ट मात्र खरी खरी सांगा." ती सांगण्यासाठीच आलो आहे.

गोष्ट २०२३ च्या उन्हाळ्यातली. माझा धाकटा तेव्हा कॉलेजात होता. गावातल्या लग्नांचे व्हिडिओ तो कापून-जोडून, त्यावर गाणी चढवून तयार करून द्यायचा. या कामाला दणकट कॉम्प्युटर लागतो. योगायोग असा, की गेम खेळायलाही तसलाच कॉम्प्युटर लागतो. त्यामुळे तो घरात कामासाठी आला की खेळासाठी, हा वाद आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होता. मुलानं कमावलेल्या पैशांतून एकेक सुटा भाग आणून तो जोडला. डिसेंबर २०२२ मध्ये शेवटचा आणि सगळ्यांत महाग भाग आला, तो म्हणजे ग्राफिक्स कार्ड. नवं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून जुनं घेतलं. त्यासाठी त्यानं एका लग्नाच्या व्हिडिओची उचल घेतली होती. ही उचल लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध आहे.

घरात एवढी मोलाची वस्तू आली, तर बापानं काहीतरी करायला नको? मी सुताराला बोलावलं. छान सागवानी रंगाचं टेबल करून घेतलं. खाली कॉम्प्युटरच्या डब्यासाठी, म्हणजे ज्याला ही मुलं कॅबिनेट म्हणतात त्यासाठी, बंद कप्पा केला. मागे प्लायवूड, पुढे दोन दारं, दारांना कडी. हेतू एकच, की आत धूळ जाऊ नये. मुलगा काहीतरी बोलू पाहत होता. मी म्हटलं, "तुला वस्तू सांभाळता येत नाहीत, म्हणून मला हे करावं लागतं." तो गप्प बसला.

थंडीत सगळं सुरळीत चाललं. मार्चच्या शेवटी मात्र कॉम्प्युटरला झटके यायला लागले. गेम चालू असताना चित्र अडखळायचं, आतला पंखा घरघरायचा, आणि बारा-पंधरा मिनिटांत पडदा काळा. पुन्हा सुरू केला की पुन्हा तेच. मला निदान करायला एक क्षणही लागला नाही. मी म्हणालो, "गेम खेळून खेळून तू मशीन जाळलंस." एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. मी त्याच्या वायरचा मोठा प्लग काढून माझ्या कपाटात ठेवला.

तीन दिवसांनी कळलं की बंद पडत होता तो फक्त खेळ नव्हता. लग्नाचा व्हिडिओ तयार होतानाही कॉम्प्युटर तसाच मरत होता. सगळी जुळवाजुळव झाल्यावर शेवटी पूर्ण फिल्म एकसंध बनवायची असते, तेव्हा ग्राफिक्स कार्डावर तेवढाच भार येतो. काम साठ-सत्तर टक्क्यांवर आलं की अंधार. आणि ज्यांच्याकडून उचल घेतली होती, त्या शेजाऱ्यांना मुलानं शब्द दिला होता अक्षय्य तृतीयेचा. लेक सासरहून सणाला माहेरी येणार, तेव्हा सगळ्यांनी मिळून तिचं लग्न बघायचं. त्या वर्षी २२ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती, आणि त्याच दिवशी ईद. दोन्ही घरांचा सण एकाच दिवशी, आणि मधे हा बंद पडलेला डबा.

मी मुलाला घेऊन जालन्याला गेलो. तिथल्या एका दुकानदारानं कॅबिनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "पॉवर सप्लाय बदला. नाही जमलं तर कार्ड गेलं समजा, नवं घ्या." त्यानं सांगितलेला आकडा ऐकून आम्ही दोघं चहा न पिताच परतलो. रात्री घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तेव्हा मुलाची आई म्हणाली, "पोराला ताप आला की आपण आधी थर्मामीटर लावतो. तुम्ही दोघांनी याचा ताप मोजला का?"

मोजला नव्हता. श्रोतेहो, माझ्या आजच्या भाषणाचं सार या एका प्रश्नात आहे.

आता थोडं समजून घेऊ, की हे कार्ड असतं काय आणि तापतं का. पडद्यावर दिसणारं चित्र लाखो ठिपक्यांचं असतं. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायचा, आणि तोही एका सेकंदात साठ वेळा किंवा त्याहून जास्त वेळा. एक हुशार कारकून हे काम करू शकत नाही. त्यासाठी एकाच वेळी छोटी छोटी बेरीज-वजाबाकी करणारे हजारो कारकून लागतात. ग्राफिक्स कार्डावरच्या नखाएवढ्या चिपमध्ये ते बसलेले असतात. 'एनव्हिडिया' या कंपनीनं १९९९ मध्ये आपल्या चिपला 'जीपीयू' म्हटलं आणि तो शब्द रूढ झाला. हीच शक्ती पुढे खेळाबाहेरही उपयोगी पडली. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीचे ३० अँटेना आहेत. त्यांच्याकडून येणारा माहितीचा पूर आज याच जातीच्या चिप हाताळतात. पुण्याच्या सीडॅकचा 'परम सिद्धी' हा महासंगणक २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जगाच्या यादीत ६३ वा आला, तोही अशाच चिपच्या बळावर.

पण ही शक्ती वीज खाते, आणि खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. आमचं कार्ड १२० वॅटचं, म्हणजे घरातले ९ वॅटचे तेरा एलईडी दिवे. ते तेरा दिवे नखाएवढ्या जागेत लावलेत असं समजा. मोठ्या कार्डांचं तर विचारूच नका. २०२२ मध्ये आलेलं एक कार्ड ४५० वॅटचं होतं, २०२५ मधलं त्याचं धाकटं भावंड ५७५ वॅटचं. म्हणजे अर्ध्या इस्त्रीहून जास्त. इस्त्रीला तापायचंच असतं, पण कार्डाला तापून निवायचंही असतं. म्हणून कार्ड तापणं हा रोग नव्हे. तापल्यावर उष्णतेला बाहेर जायची वाट न मिळणं, हा रोग.

कार्डाच्या आत तापमान सांगणारी सोय असते. ती वाचून दाखवणारे प्रोग्राम फुकट मिळतात. 'एमएसआय आफ्टरबर्नर', 'एचडब्ल्यूइन्फो' ही त्यांतली प्रसिद्ध नावं. मुलानं ते लावले आणि मी माझी कवितेची वही घेऊन शेजारी बसलो. प्लग अर्थातच कपाटातून बाहेर आला होता. एका पानावर रकाने आखले : वेळ, खोलीचं तापमान, कार्डाचं तापमान, विजेचा दाब आणि किती मिनिटांनी बंद पडलं. साधारणपणे भाराखाली कार्ड ६५ ते ८० अंश सेल्सिअस दाखवत असेल तर काळजी नको. ८५ च्या पुढे विचार करायचा. ९० च्या आसपास बहुतेक कार्डं स्वतःच आपली गती कमी करतात, म्हणून चित्र अडखळतं. त्याहून वर गेलं की स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात. म्हणजे ज्याला आम्ही बिघाड म्हणत होतो, ती खरं तर कार्डानं केलेली स्वतःची राखण होती.

पहिली मोठी खूण वहीत सापडली ती सहेरीच्या वेळेमुळे. रमजान चालू होता. पहाटे चारला घर जागं असायचं. त्या वेळी खोलीत २७ अंश. मुलानं काम लावलं, तर कॉम्प्युटर पाऊण तास चालला. तोच दुपारी, पत्र्याखाली खोली ३९ अंशांवर गेली, की चौदा मिनिटांत बंद. मी म्हणालो, "बघ, उष्णताच." मुलगा म्हणाला, "नाही अब्बा, अजून ठरलं नाही. पहाटे विजेचा दाबही चांगला असतो. दुकानदाराचं खरं असू शकतं." त्याचं बरोबर होतं. शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे दिवा पिवळा पडतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर दोष कुणाचा, हे सांगता येत नाही. मग आम्ही दुपारची अशी वेळ निवडली, की स्टॅबिलायझरचा काटा २२५ वर स्थिर होता. तरीही चौदा मिनिटं, ९४ अंश, आणि अंधार. शिवाय पॉवर सप्लाय कमी पडत असेल तर भार वाढल्या वाढल्या, झटक्यात बंद पडण्याची शक्यता जास्त. आमचा कॉम्प्युटर आधी रेंगाळायचा, हळूहळू तापायचा आणि मग मिटायचा. पॉवर सप्लाय सुटला. हजारो रुपये वाचले, ते एका रकान्यामुळे.

आता उष्णतेची वाट शोधायची. आणि पहिला अडसर सापडला तो माझाच.

मुलानं भिंतीवरचं साधं थर्मामीटर टेबलाच्या त्या बंद कप्प्यात ठेवलं, दारं लावली आणि वीस मिनिटांनी उघडली. ५१ अंश. खोलीत ३९ आणि कप्प्यात ५१. कार्डाचे पंखे हवा फिरवतात, हवा थंड करत नाहीत. ते गार वारा निर्माण करतात, असा माझा समज होता. पंखा फक्त भोवतालची हवा कार्डावरून नेतो, म्हणून कार्ड भोवतालच्या हवेपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. भोवताली जेवढे अंश वाढतील, साधारण तेवढेच कार्डावर वाढतात. बंद कप्प्यात तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा फिरत होती. थंडीत खोलीच २० अंशांवर होती, म्हणून हा दोष झाकला गेला. दोष डिसेंबरपासूनच होता, उन्हाळ्यानं फक्त तो उघडा पाडला.

आम्ही कॅबिनेट बाहेर काढलं. भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीवर नव्हे तर पाटावर ठेवलं. त्याच दुपारी, त्याच कामाला तापमान ९४ वरून ८६ वर आलं आणि कॉम्प्युटर बंद पडला नाही. आठ अंश आणि शून्य रुपये खर्च. मुलगा काही म्हणाला नाही. टेबल करताना त्याला जे बोलायचं होतं आणि मी बोलू दिलं नव्हतं, ते हेच होतं. मी वहीत लिहिलं, "कारण पहिलं : पेटी." कुणाची पेटी, ते लिहायचं धैर्य त्या दिवशी झालं नाही.

८६ ही काही चांगली संख्या नव्हे. म्हणून पुढे गेलो. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढलं आणि आत पाहिलं तर धुळीवर पांढरी लव बसलेली. आठवतं ना, २०२२-२३ च्या हंगामात भाव वाढेल या आशेनं शेतकऱ्यांनी कापूस घरातच ठेवला होता. आमच्या आळीत घरोघरी कापूस छतापर्यंत रचलेला होता. त्याचे तंतू हवेतून येऊन कार्डाच्या पातळ पत्र्यांमध्ये अडकले आणि त्यांची गादी तयार झाली. चिपची उष्णता या पत्र्यांमध्ये येते आणि पंख्याची हवा ती घेऊन जाते. पत्र्यांमध्ये गादी बसली की हवा आत शिरतच नाही. पंखा कितीही घरघरला तरी उपयोग नाही. म्हणजे ज्या धुळीसाठी मी पेटी केली, ती धूळ पेटीच्या फटीतून आत आलीच. पेटीनं अडवली ती फक्त हवा.

सफाईची रीत नीट ऐका, कारण इथं चुका होतात. आधी कॉम्प्युटर बंद करून प्लग बोर्डातून काढायचा. मग सुरू करायचं बटण एकदा दाबायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, कारण अंगावरच्या स्थिर विजेचा एक झटकाही चिपला पुरतो. मऊ, कोरडा रंगाचा ब्रश घ्यायचा. हवा मारायची असेल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर ते भन्नाट फिरून पंखा बिघडतो. ओलं फडकं नको. घर झाडायचा व्हॅक्युम क्लीनर नको, त्यात स्थिर वीज तयार होते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर मुळीच नको, त्या हवेत पाण्याचा अंश असतो. आणि पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात झटका देण्याइतकी वीज साठलेली असू शकते.

सफाईनंतर ७९. आम्ही दोघं प्रथमच एकमेकांकडे बघून हसलो.

सफाई करताना आणखी एक गोष्ट दिसली. कार्डाला दोन पंखे होते, त्यातला एक फिरतच नव्हता. बोटानं ढकलला तर दोन फेऱ्या मारून थांबायचा. हे कार्ड आमच्याकडे येण्याआधी कुठं होतं, याचा अंदाज त्यावरून आला. काही वर्षं लोक ग्राफिक्स कार्डांवर रात्रंदिवस आकडेमोड करून 'इथेरियम' हे आभासी चलन मिळवत होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं आपली पद्धतच बदलली आणि या कार्डांचं ते काम एका दिवसात संपलं. मग जगभर अशी वापरलेली कार्डं जुन्या बाजारात आली. असं प्रत्येक कार्ड खराबच असतं, असं नाही. पण महिनोन् महिने न थांबता फिरलेला पंखा झिजलेला असतो आणि आतली पेस्ट वाळलेली असते. जुनं कार्ड घेताना म्हणूनच पंधरा-वीस मिनिटं भाराखाली चालवून, पंखे बघून, तापमान मोजून घ्यावं. आम्ही फक्त किंमत बघितली होती.

पंखा आणि पेस्टची नळी मागवली. दोन्ही मिळून हजार रुपयांच्या आत. पेस्ट आली त्या दिवशी मुलानं कार्डाचे स्क्रू काढले आणि वरचा धातूचा सांगाडा उचलला. आत तांबं होतं.

इथं माझ्या अब्बांची आठवण सांगतो. ते कल्हईवाले होते. राजूरच्या आसपासच्या खेड्यांतून भाता, कोळसा, नवसागर आणि कथील घेऊन फिरायचे. मी लहानपणी भाता मारायचो. ते सांगायचे, लोखंड गरम होतं तिथंच गरम होतं, पण तांबं उष्णता धरून ठेवत नाही, पळवतं. म्हणून तांब्याचं भांडं सांडशीशिवाय कुठेही धरता येत नाही. स्टीलची भांडी आली आणि आमच्या घरातला तो धंदा संपला. चाळीस वर्षांनी मुलाच्या हातातल्या कॉम्प्युटरच्या पोटात मला तेच तांबं दिसलं. चिपवर तांब्याची चकती आणि तिच्यातून निघालेल्या तांब्याच्या नळ्या. वरून चंदेरी मुलामा, जवळजवळ कल्हईच. मुलानं सांगितलं की या नळ्या पोकळ असतात. आत थोडंसं पाणी कोंडलेलं असतं. चिपजवळ त्याची वाफ होते, ती नळीतून दुसऱ्या टोकाला पळते, तिथं पत्र्यांमध्ये उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि आतल्या जाळीतून परत येते. म्हटलं, तुझे आजोबा असते तर त्यांनी हे एका मिनिटात ओळखलं असतं. तो म्हणाला, "तुम्ही मला आजोबांचं काम कधी सांगितलंच नाही." खरंच सांगितलं नव्हतं.

चिप आणि तांबं, दोन्ही गुळगुळीत दिसतात, पण त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी असतात. फटीत हवा, आणि हवा उष्णतेची वाट अडवते. त्या फटी भरण्यासाठी मधे पेस्ट लावतात. आमची पेस्ट वाळून पापुद्रे झाली होती. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही बाजू पुसल्या, चिप झाकेल असा नव्या पेस्टचा पातळ थर दिला. लोण्यासारखी थापायची नाही, हे महत्त्वाचं. चिपच्या भोवती मेमरीचे छोटे चौकोन असतात, त्यांच्यावर रबरासारख्या मऊ पट्ट्या असतात. त्यातल्या दोन फाटल्या होत्या, त्या बदलल्या. नवा पंखा बसवला. सगळं जोडलं आणि मोठ्या उमेदीनं सुरू केलं.

चार मिनिटांत ९१.

श्रोतेहो, एवढं करून ताप वाढला. तारीख १७ एप्रिल. हातात पाच दिवस. "मी सांगत होतो, नको उघडू" हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं, एवढंच त्या उन्हाळ्यातलं माझं कर्तृत्व. म्हणालो, "वही बघू. कालपासून आजपर्यंत काय काय बदललं?" तीन गोष्टी : पंखा, पेस्ट, पट्ट्या. पंखा फिरत होता. पेस्ट पुन्हा उघडून पाहिली, तर तांब्यावर तिचा ठसाच नीट उमटला नव्हता. म्हणजे तांबं चिपला टेकतच नव्हतं. का? जुन्या पट्ट्या एक मिलिमीटर जाडीच्या होत्या, आम्ही आणलेल्या दीड मिलिमीटरच्या. अर्ध्या मिलिमीटरनं सांगाडा उचलला गेला होता. जाड पट्टी म्हणजे जास्त चांगली, असं आम्हाला वाटलं. घरोघरी अशीच फसगत होते. एक मिलिमीटरच्या पट्ट्या आल्या, पुन्हा बसवल्या. ३९ अंशांच्या खोलीत कार्ड ६९ वर थांबलं.

शेवटचं काम तर स्क्रू ड्रायव्हरशिवाय झालं. मुलाचा पडदा एका सेकंदात साठच चित्रं दाखवू शकतो. पण गेम चालू असताना कार्ड एकशे चाळीस चित्रं बनवत होतं. उरलेली ऐंशी कुणाला दिसतच नव्हती, ती फक्त उष्णता होत होती. मुलानं साठाची मर्यादा घातली. खेळात फरक पडला नाही, तापमान ६३ वर आलं आणि पंख्याचा आवाज निम्मा झाला. माझ्यासारख्या न वाचल्या जाणाऱ्या कविता लिहिणाऱ्याला ही गोष्ट जरा लागली, पण ते असो.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, कार्ड स्वतःला वाचवतं ना? वाचवतं, पण कायमचं नाही. रोज तापणं आणि रोज निवणं, यानं धातू प्रसरण पावतो, आकसतो, आणि चिपखालचे सूक्ष्म डाग तडकू लागतात. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियानं आपल्या काही चिपच्या बांधणीतल्या कच्च्या मालामुळे १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागेल, असं जाहीर केलं होतं. बिघडत होते ते मुख्यतः लॅपटॉप, म्हणजे उष्णतेला सगळ्यांत कमी वाट असलेली यंत्रं. पुढे लोक मेलेली कार्डं भट्टीत भाजून जिवंत करायचा प्रयोग करू लागले. काही कार्डं चार दिवस चालायचीही, पण तो उपाय नव्हे, आणि अन्न शिजवायच्या भट्टीत तर तो विषारीच. उलट मोठ्या संस्था काय करतात बघा. पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात उष्णता काढून न्यायला हवेऐवजी थेट द्रव खेळवलेला आहे. त्यांची तऱ्हा मोठी, आमची छोटी, पण प्रश्न एकच : उष्णतेला वाट कुठून द्यायची?

२० एप्रिलला दुपारी, ऐन उन्हात, फिल्म शंभर टक्के पूर्ण झाली. आम्ही दोघं आकड्याकडे बघत बसलो होतो. ६८ च्या वर गेला नाही. २२ तारखेला ईदची नमाज झाली, शिरखुर्मा झाला, आणि संध्याकाळी शेजारच्या अंगणात चादर लावून लेकीचं लग्न सगळ्या आळीनं पुन्हा पाहिलं. उचल फिटली. वरचे पैसे मुलानं आईच्या हातात दिले.

त्या रात्री मी त्याला म्हटलं, "ती पेटी माझी चूक होती. आणि प्लग काढून घेतला, ती त्याहून मोठी." तो म्हणाला, "जाऊ द्या अब्बा." मग जरा वेळानं म्हणाला, "बसता का? गेम दाखवतो." मी बसलो. अर्धा तास बघितलं. मला त्यातलं फारसं काही कळलं नाही. पण आतापर्यंत मी त्या पडद्याकडे फक्त दारातून, उभ्यानं पाहिलं होतं, हे मात्र कळलं.

टेबलाची दारं आता काढली आहेत. मागचं प्लायवूडही कापलं. तो कप्पा माझ्या वह्यांना छान झाला आहे, वह्यांना हवा लागत नाही.

तर श्रोतेहो, उन्हाळा आला की एवढं करा. घरातल्या कॉम्प्युटरचा डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. त्याच्यावर घातलेलं कापड काढा. धूळ झाडा, आणि आधी ताप मोजा. वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि घरातलं लेकरू टेबल करताना काही सांगू पाहत असेल, तर सुताराला मिनिटभर थांबायला सांगा.